‘त्रुटी’: निराधार अनुदानाच्या अर्जावर पंधरा मिनिटांचा व्यंगात्मक गेम कसा बांधायचा

निराधार अनुदानाचा अर्ज आरडाओरडा करून क्वचितच नाकारला जातो. कागद परत येतो, कोपऱ्यात पेन्सिलीने ‘त्रुटी’ लिहिलेलं असतं आणि खिडकीमागचा माणूस अगदी शांतपणे सांगतो, ‘मावशी, एवढं करून आणा, मग बघू.’ अशा विषयावर गेम करताना बहुतेकांचा पहिला हात खिडकीमागच्या माणसावर पडतो. सुस्त, पान खाणारा, लाचखाऊ कारकून उभा केला की हशा मिळतो, पण गेम तिथेच संपतो. खेळणाऱ्याला वाटतं, माणूस बदलला की काम झालं. खरं व्यंग नियमांच्या जोडणीत असतं. सुटा पाहिला तर प्रत्येक नियम शहाणपणाचा वाटतो, सगळे एकत्र आले की वाट बंद होते. ही जोडणी खेळणाऱ्याच्या हातात कशी द्यायची, ते इथे सांगितलं आहे.

अर्जदाराच्या बाजूने खेळायला लावायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. २०१३ च्या ‘पेपर्स, प्लीज’ने खेळणाऱ्याला सीमेवरच्या तपासणी अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवलं आणि कागद तपासणं हाच खेळ होऊ शकतो हे दाखवून दिलं. २०११ च्या ‘स्पेंट’ने हजार डॉलरमध्ये महिना काढायला लावला. आपल्याला पहिल्यातून कागदाची बारीक तपासणी घ्यायची आहे आणि दुसऱ्यातून पैशाची ओढाताण. खुर्ची मात्र खिडकीच्या बाहेरची. बहुतेक वेळा तर खुर्चीसुद्धा नाही.

नियम आधी गोळा करा

योजना एकच घ्या. तीन-चार योजनांची खिचडी केली की खेळणाऱ्याला एकही नीट कळत नाही. इथे संजय गांधी निराधार अनुदान योजना धरली आहे. ती महाराष्ट्रात १९८० पासून चालू आहे. वय ६५ च्या आत, राज्यात किमान १५ वर्षं रहिवास, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, या तिच्या ठळक अटी. अपंग अर्जदारांसाठी उत्पन्नाची मर्यादा वेगळी आहे. २०२३ पासून सर्वसाधारण लाभार्थ्याला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात. ते उतरवून घ्या, छापा आणि पेन घेऊन वाचा. अर्जासोबत जोडायच्या कागदांची यादी तुमच्या तालुक्यात खरोखर कशी मागितली जाते ते कळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून विचारता येतं. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

वाचताना बेरजा करत जा, कारण व्यंग तिथेच सापडतं. २१,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाची मजुरी ३०० धरली तर वर्षात ७० दिवस काम केलं की मर्यादा संपली. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. २००५ च्या कायद्याने एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी दिली, म्हणजे या दराने ३१,२०० रुपये. एका कायद्याने दिलेलं काम पूर्ण केलं तर बाई दुसऱ्या योजनेतून बाहेर. हा प्रसंग तुम्हाला रचावा लागत नाही, फक्त दोन आकडे एका पडद्यावर शेजारी ठेवायचे असतात.

म्हणून गेममधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा ठेवा: उत्पन्नाच्या स्वयंघोषणापत्रावर ‘वर्षात किती दिवस काम करता?’ पर्याय तीन: १५०, १००, ६५. पहिले दोन्ही खरेपणाच्या जवळचे, आणि त्यांतला कोणताही घेतला की अपात्र. तिसरा घेतला की कागद पुढे सरकतो. ६५ निवडल्यावर शिक्षा करू नका, शाबासकीही देऊ नका. सेवा केंद्रातला मुलगा एवढंच म्हणू दे, ‘हां, आता बसतंय.’

कागदांची साखळी

कोरा कागद आडवा धरा आणि प्रत्येक दाखल्यासाठी एक चौकोन काढा. ज्याला जे लागतं त्याच्याकडे बाण. उजवीकडे टोकाला अर्ज. अर्जाला उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, पतीचा मृत्यू दाखला, रेशनकार्ड आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी गावात आणि गेमच्या संवादांत ‘तलाठी’च ठेवा.) अहवालाला रेशनकार्ड लागतं. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून वारलेल्या नवऱ्याचं नाव असतं. ते बदलायला मृत्यू दाखला. मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं. खातं जोडायला ओटीपी, आणि ओटीपी जातो नवऱ्याच्या बंद पडलेल्या मोबाइलवर.

सहा-सात चौकोन पुरेत. दहाच्या पुढे गेलात की खेळणारा साखळी डोक्यात धरू शकत नाही आणि सगळंच गोंगाट वाटायला लागतं. पहिल्या चक्रात खेळणाऱ्याला फक्त तीन चौकोन दाखवा, बाकीचे ‘त्रुटी’तून उघडत जाऊ द्या.

नावाच्या घोळासाठी अर्जदाराचं नाव मुद्दाम निवडा. आपल्या गेममधली बाई शेवंता, ४६ वर्षांची, शेतमजूर. आधारवर शेवंता, रेशनकार्डावर शेवंताबाई, बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत, आणि तिथे ‘व’साठी व्ही ऐवजी डब्ल्यू. एवढं खरं वाटतं, कारण असंच होतं. आडनाव देऊ नका. दिलंत तर वाचणारा त्यावरून जात काढतो आणि गेम वेगळ्याच दिशेला वाचला जातो. तुम्हाला तेच सांगायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते विचार करून द्या.

आता सर्वात मोठी चूक, जी जवळपास प्रत्येक पहिल्या प्रयत्नात दिसते: नकार फासा टाकून द्यायचा. संगणकाने यादृच्छिक आकडा काढला, ३० टक्के वेळा ‘साहेब नाहीत’. खेळणाऱ्याला वाटतं, आपलं नशीब वाईट. तो पुन्हा लोड करतो, आणि व्यवस्थेबद्दल त्याला काहीच कळत नाही. प्रत्येक नकाराचं कारण खेळणाऱ्याने आधी पाहिलेल्या कागदावर छापलेलं हवं. नकार मिळाल्यावर त्याने मागे जाऊन ‘अरे, हे इथे होतं’ असं म्हटलं पाहिजे. फाशाला एकच जागा द्या, सर्व्हर डाऊन. तेही पूर्ण गेममध्ये दोनदाच, आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांत कधीच नाही.

दिवस आणि पैसे

गेम मार्चमध्ये ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ छापलेलं असतं, आणि तेच तुमचं घड्याळ. शिवाय धुळवडीची सुट्टी, वर्षअखेरीची धावपळ, आणि शनिवार-रविवार राज्य शासनाची कार्यालयं बंद, कारण २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. योजनेच्या तालुका समितीची बैठक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेवलीत की अर्ज वेळेत देऊनही दाखला शिळा होतो. कुणीच चूक केलेली नाही आणि तरी बाईला पुन्हा पहिल्या चौकोनात जायचं आहे. गेमचा कळस हा.

पैशाचा हिशोब साधा ठेवा, खेळणाऱ्याला तोंडी करता आला पाहिजे. सुरुवातीला हाताशी ५०० रुपये. घरखर्च रोज १००. आठवड्यात तीन दिवस काम, सोमवार, बुधवार, गुरुवार, मजुरी ३००. म्हणजे आठवड्याला ९०० येतात, ७०० जातात, २०० उरतात. चार आठवड्यांत ८००. तालुक्याला जाऊन-येऊन एसटीचे ४०. (पूर्ण भाडं ८० धरलं आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ते विसरलात तर महाराष्ट्रातला खेळणारा पहिल्याच पडद्यावर चूक पकडेल.) सहा फेऱ्यांचे २४०. झेरॉक्स, फोटो, केंद्राची फी मिळून १६०. एकही काम न बुडवता सगळं उरकलं तर शेवटी ९०० उरतात.

आता काम बुडवायला लावा. तलाठी सज्जावर फक्त बुधवारी बसतो. बँकेत आधार जोडणीचं टेबल फक्त सोमवारी. प्रत्येक बुडालेला दिवस ३०० घेऊन जातो. तीन दिवस बुडाले की पिशवी रिकामी, चौथ्याला उसने घ्यावे लागतात. शेवटच्या पडद्यावर बुडालेली मजुरी, भाडं आणि कागद यांची बेरीज दाखवा: चार दिवस बुडाले तर १,२०० अधिक २४० अधिक १६०, एकूण १,६००. पहिल्या महिन्याच्या अनुदानाहून शंभर जास्त. त्या पडद्यावर बेरजेशिवाय एकही वाक्य लिहू नका.

एजंटचा पर्याय ठेवायचा की नाही यावर मतं वेगळी असतात. ठेवावा असं आमचं मत आहे, पण तो प्रामाणिकपणे काम करणारा ठेवा. ५०० घेतो आणि खरोखर दोन फेऱ्या वाचवतो. एजंट फसवणारा दाखवला की खेळणारा त्याच्यावर राग काढतो. तो उपयोगी दाखवला की प्रश्न पडतो, याची गरज का पडते?

ट्वाइनमध्ये मांडणी

अशा गेमला ट्वाइन हे मजकुरावर चालणारे गेम बनवण्याचं साधन पुरेसं आहे. ते फुकट आहे, प्रोग्रॅमिंग थोडंच लागतं, आणि तयार गेम एकच एचटीएमएल फाइल म्हणून निघतो. कथेचा साचा शुगरक्यूब निवडा, कारण पैसे, दिवस, कागद अशी मोजणी त्यात सोपी जाते. ब्राउझरमधलं ट्वाइन वापरत असाल तर एक धोका लक्षात ठेवा: तुमची कथा ब्राउझरच्या साठ्यात असते. कुणी ब्राउझरचा डेटा साफ केला की महिन्याचं काम गेलं. डेस्कटॉपवरचं ट्वाइन घ्या, आणि तरीही रोज संध्याकाळी फाइल बाहेर काढून तारीख घालून ठेवा.

साधारण ३२ पॅसेज (गेमची एकेक पानं) लागतात. एका पॅसेजमध्ये ६० ते ९० शब्द, त्याहून जास्त नको, कारण फोनवर बोट सरकवावं लागलं की लोक वाचत नाहीत. पॅसेजची नावं मराठीत ठेवता येतात, पण व्हेरिएबलची (गेम ज्यांत बदलती मोजणी साठवतो त्यांची) नावं शुगरक्यूबमध्ये रोमन अक्षरांतच चालतात. देवनागरीत दिलीत तर चूक दाखवली जाते किंवा नाव पडद्यावर जसंच्या तसं छापलं जातं. दिवस, पैसे, बुडालेले दिवस, आणि प्रत्येक कागदासाठी एक हो-नाही, एवढेच व्हेरिएबल ठेवा. सगळ्यांच्या सुरुवातीच्या किमती स्टोरीइनिट नावाच्या पॅसेजमध्ये द्या.

इथे नेहमी घडणारी एक गडबड आहे. ‘तहसील कार्यालय’ पॅसेजमध्ये शिरताच ४० रुपये वजा करायचं लिहिलं, आणि त्याच पॅसेजमधून ‘पिशवी बघा’ हा दुवा दिला. खेळणारा पिशवी बघून परत आला की पुन्हा ४० कापले जातात. तीनदा पिशवी बघितली की बाई कंगाल. उपाय असा: वजाबाकी पॅसेजमध्ये न लिहिता त्या पॅसेजकडे नेणाऱ्या दुव्यावर लिहा, म्हणजे ‘एसटीने तालुक्याला जा’ यावर टिचकी मारली की ४० जातील, परत येण्याने काही जाणार नाही. पिशवीही वेगळा पॅसेज न करता डायलॉगच्या खिडकीत उघडा.

शुगरक्यूब मागे जाण्याचा बाण आपोआप देतो. त्याने गेलेला दिवस परत येतो आणि गेमचा जीवच जातो. कॉन्फिगमध्ये (शुगरक्यूबच्या सेटिंगमध्ये) इतिहासाची मर्यादा १ करा, बाण निघून जातात. दिवस आणि पैसे दाखवण्यासाठी बाजूची पट्टी वापरू नका. ८०० पिक्सेलहून अरुंद पडद्यावर ती मिटलेली असते, आणि तुमचे बहुतेक खेळणारे फोनवरच असतील. प्रत्येक पॅसेजच्या वर दिसणाऱ्या पॅसेजहेडरमध्ये एका ओळीत लिहा: ‘बुधवार, १८ मार्च. जवळ ३४० रुपये.’ कुठल्या तारखेला कुठला वार, हे ज्या वर्षात गेम ठेवाल त्या वर्षाच्या कॅलेंडरवरून तपासा. शुगरक्यूबची स्वतःची बटणं इंग्रजीत येतात. भाषांतराच्या यादीत ‘सेव्ह’, ‘रीस्टार्ट’ वगैरे सात-आठ शब्द हाताने मराठीत बदलून टाका.

अंगठ्याचा प्रसंग

आधार केंद्रातला हा प्रसंग सगळ्यात जास्त वेळ घेऊन करा. नांगरणी-खुरपणी, सिमेंट, भांडी अशी कामं करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्राला ठसा ओळखता येत नाही. हे खेळाच्या गणितात थेट आणा: मागच्या पाच दिवसांत तीन दिवस काम केलं असेल, तर ठसा लागणार नाही. फासा नको, घट्ट नियम. म्हणजे पोटासाठी केलेलं कामच ओळख पटवण्याच्या आड येतं. खेळणाऱ्याला ते सांगू नका. पाचव्या-सहाव्या मिनिटाला त्याला स्वतः उमगू द्या.

पडद्यावर मध्यभागी काचेचा हिरवट चौकोन, खाली ‘बोट ठेवा’ असं बटण. पहिल्यांदा दाबलं की दोन सेकंद काहीच नाही, मग लाल दिवा. ऑपरेटर म्हणतो, ‘मावशी, बोट पुसा.’ दुसऱ्यांदा, ‘जरा दाबून ठेवा.’ तिसऱ्यांदा, ‘दुसरं बोट लावा.’ चौथ्यांदा, ‘नळावर हात धुऊन या, तोवर मागच्यांना घेतो.’ आणि रांगेतला तुमचा आकडा १४ वरून पुन्हा २२ होतो. दोन सेकंदांची ती शांतता कापू नका. अर्ध्या सेकंदावर आणलीत तर प्रसंग नुसता विनोद होतो, चार सेकंद केलीत तर फोन अडकला असं वाटतं.

बोटाने पटापट दाबायचा खेळ इथे करू नका. कौशल्याने ठसा लागतो असं वाटलं तर दोष खेळणाऱ्याच्या हाताचा होतो. वाट ठेवायची तर डोळ्याच्या बुबुळाची ठेवा, तीही खेळणाऱ्याने स्वतःहून विचारलं तरच.

पोच

साखळीला एक खरी वाट हवी. पूर्ण बंद गेम दहाव्या मिनिटाला सोडून दिला जातो. महाराष्ट्रात ती वाट कायद्यातच आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच देणं, ठरलेल्या मुदतीत काम करणं आणि नाकारायचं असेल तर कारण लेखी देणं बंधनकारक केलं. वेळेत झालं नाही तर अपील करता येतं, आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे.

गेममध्ये हे असं आणा: प्रत्येक खिडकीवर तीन ठळक पर्याय, आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरांत चौथा, ‘पोच द्या म्हणावं.’ पहिल्यांदा निवडला की मागचे लोक कुरकुरतात आणि अर्धा तास जास्त जातो, बाकी काही होत नाही. दुसऱ्यांदा आवक शिक्का बसतो, आणि तिथून वरच्या ओळीत एक नवा आकडा उलटा मोजू लागतो: ‘मुदत १५ दिवस.’ ज्याने हे मार्चच्या पहिल्या आठवड्यात केलं त्याचा दाखला वेळेत निघतो. बाकीच्यांना ३१ मार्च गाठतो. शेवटी हे कुणाला सापडलं नसेल तर समजावून सांगू नका, फक्त पुन्हा खेळताना तो चौथा पर्याय थोडा ठळक करा.

शिक्क्याचा आवाज स्वतः ध्वनिमुद्रित करा. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर लाकडी मुठीचा रबरी शिक्का मारला की तो बसका ‘धप्’ मिळतो, नुसत्या टेबलावर टणत्कार येतो. फाइल एमपीथ्रीमध्ये ठेवा, सगळ्या फोनवर चालते. पहिली टिचकी बसेपर्यंत ब्राउझर आवाज वाजवत नाही, त्यामुळे सुरुवातीला ‘रांगेत उभ्या राहा’ असं एक बटण द्या.

कार्यालयाची भाषा

दोन मराठी ठेवा आणि त्या मिसळू देऊ नका. कागदावरची मराठी: ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज खालील त्रुटींच्या पूर्ततेअभावी परत करण्यात येत आहे.’ जावक क्रमांक, संदर्भ, ‘सहपत्र: वरीलप्रमाणे’. आणि तोंडची मराठी: ‘लिंक नाही आज’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘बुधवारी फोन करून या’, ‘फाइल वर गेलीय’. कागद कर्मणी प्रयोगात बोलतो, त्यामुळे कुणी काय केलं तेच कळत नाही. माणसं मात्र आपुलकीने बोलतात. शेवंता तलाठ्याला ‘भाऊसाहेब’ म्हणेल, तो तिला ‘मावशी’ म्हणेल, आणि काम मात्र होणार नाही. कारकुनाच्या तोंडी एकदा तरी त्याची बाजू येऊ द्या: चार टेबलांचं काम, एकच माणूस, वर्षअखेर. त्याने व्यंग बोथट होत नाही, उलट नेम नियमावर टिकतो.

नियमातले शब्द फुगवू नका. ‘नमुना २७-ब चौथी प्रत निळ्या शाईत’ असं काहीतरी रचलं की जाणता वाचणारा हसत नाही. खऱ्या शासन निर्णयातलं वाक्य जसंच्या तसं जास्त लागतं.

देवनागरी फुटू देऊ नका

ट्वाइनचा मोठा फायदा असा की अक्षरं ब्राउझर जुळवतो, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात. युनिटी या गेम-इंजिनच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात ‘स्थिती’ लिहून बघा, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. गोडो हे दुसरं इंजिन वापरायचं असेल तर चौथी आवृत्तीच घ्या, तिसरीत देवनागरीची जुळणी होत नाही. गोडोतून वेबसाठी काढताना फॉन्टची फाइल प्रकल्पात घाला, नाहीतर तुमच्या संगणकावर सगळं दिसेल आणि खेळणाऱ्याला चौकोन दिसतील.

ट्वाइनमध्येही पानाची भाषा मराठी सांगावी लागते. स्टोरी जावास्क्रिप्टमध्ये मूळ टॅगची भाषा ‘एमआर’ या रोमन संक्षेपाने बदला. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मग मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात, आणि स्क्रीन रीडरही मराठी आवाज निवडतो. फॉन्ट हलका करण्यासाठी त्यातली अक्षरं छाटत असाल तर मांडणीची सगळी वैशिष्ट्यं तशीच राहू द्या, नाहीतर ‘र्‍य’, ‘क्ष’, ‘त्र’ मोडतात.

अक्षर-अक्षर टाइप होत असल्याचा परिणाम अनेकांना आवडतो. मराठीत तो सरळ लावला की ‘त्रुटी’ आधी ‘त’, मग ‘त्’, मग ‘त्र’, मग ‘त्रु’ अशी उचक्या देत उमटते. शब्द-शब्द दाखवा, वाचायलाही बरं पडतं. खेळणाऱ्याकडून नाव टाइपही करून घेऊ नका. ‘ऱ्या’ दोन वेगळ्या संकेतांनी लिहिता येतो, दिसायला सारखा, संगणकाच्या लेखी वेगळा. पर्यायांतून निवडू द्या.

खबरदारी

शासकीय पत्र हुबेहूब दिसावं म्हणून वर चार सिंहांची राजमुद्रा लावू नका. तिच्या गैरवापराला २००५ च्या कायद्याने बंदी आहे. स्वतःचं साधं बोधचिन्ह काढा. तालुका काल्पनिक ठेवा, खऱ्या अधिकाऱ्याचं नाव किंवा चेहरा नको. आधार क्रमांक दाखवायचाच असेल तर शून्याने सुरू होणारा घ्या. खरा आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, त्यामुळे चुकून कुणाचा छापला जाणार नाही. आणि खेळणाऱ्याला कुठेही आकडे भरायची चौकट देऊ नका. गेम इतका खरा वाटतो की लोक आपला खरा क्रमांक लिहितात.

चाचणी आणि प्रसार

पाच-सहा जणांना खेळायला द्या, त्यांतले निदान दोघे अशा रांगेत उभे राहिलेले हवेत. शेजारी बसा आणि तोंड उघडू नका. जो पॅसेज दोघांनी न वाचता पुढे ढकलला तो अर्धा करा. रांगेत उभ्या राहिलेल्यांना एकच विचारा: ‘इथे काय खोटं वाटलं?’ न राहिलेल्यांना विचारा: ‘अर्ज का परत आला?’ कारण सांगता आलं नाही तर ते कागदावर पुरेसं दिसत नाही. सगळ्या वाटा तपासायला ३६० पिक्सेल रुंदीचा साधा अँड्रॉइड फोन घ्या, तोही बाहेर उन्हात धरून.

इच डॉट आयओ या गेम ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवताना फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल हवं, आवाज आणि फॉन्टसह झिपच्या अगदी वरच्या पातळीवर. ती एखाद्या फोल्डरच्या आत ठेवू नका. फाइलच्या नावांत लहान-मोठी रोमन अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत. विंडोजवर चालतं आणि तिथे चालत नाही, त्याचं कारण बहुधा हेच असतं. पानाच्या मांडणीत मोबाइलसाठी अनुकूल ही खूण करा. फॉन्ट आणि आवाज फाइलच्या आतच भरलेत तर तोच एक एचटीएमएल व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवता येतो, आणि गावाकडे गेम पोचण्याचा तो जास्त खात्रीचा रस्ता आहे.

अनुदानाची रक्कम, उत्पन्नाची मर्यादा, एसटीचं भाडं, दाखल्याची मुदत हे सगळे आकडे सुरुवातीपासूनच स्टोरीइनिटमध्ये व्हेरिएबल म्हणून ठेवा. संवादांत १,५०० असं कुठेही थेट लिहू नका. नवा शासन निर्णय आला की एकच ओळ बदला, एकही काम न बुडवता आणि चार दिवस बुडवून, अशा दोन्ही बेरजा पुन्हा करून बघा, आणि पहिल्या पडद्याच्या तळाशी कोणत्या महिन्यापर्यंतचे नियम धरले आहेत ते लिहा.